एक्झॉस्टचे जुने वॉर्निंग रिले ऑनलाइन कुठे विकायचे: देशी पोर्टल, ई-बे की सरळ वॉट्सॲप

परवा सावंतवाडीच्या एका पोराचा फोन आला, मामांनी स्पेअर पार्टचं दुकान बंद करायला काढलंय आणि माळ्यावर जुन्या जपानी गाड्यांच्या रिलेचे दोन खोके सापडलेत, पॅकबंद, तर दादा ते ऑनलाइन टाकू का आणि टाकू तर कुठे? तासभर बोललो तरी अर्धंच सांगून झालं, म्हणून आता नीट लिहितो. मी कुडाळात बसून चार वर्षं हाच माल विकतोय आणि तिन्ही रस्त्यांनी विकून बघितलाय.

आधी हातात काय आहे ते ओळखा, कारण कुठे विकायचं ते त्यावरच ठरतं. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेसाठी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लावतो तो वॉर्निंग रिले, आणि बाहेरून तो हॉर्नच्या रिलेसारखाच दिसतो. हॉर्नच्या रिलेत एक कॉइल आणि एक काँटॅक्ट, ३०, ८५, ८६, ८७ अशा चार पिना, बारा व्होल्ट दिले की टक करून आवाज येतो, झालं टेस्टिंग. वॉर्निंग रिलेच्या आत मात्र छोटं सर्किट असतं. सत्तरच्या दशकातल्या डॅटसन २८० झेडच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) वर फ्लोअरला टेंपरेचर सेन्सर होता, तो तापला की रिले डॅशबोर्डवरचा दिवा लावायचा. दुसरा प्रकार किलोमीटरवाला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच निस्सान आणि वोल्वो अमेरिकेत ३०,००० मैल, आपल्या हिशेबाने ४८,००० किमीच्या आसपास झाले की ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) तपासा म्हणून दिवा लावायच्या. दोन्ही रिले 'एक्झॉस्ट वॉर्निंग' याच नावाने विकले जातात, पण एकाच्या जागी दुसरा अजिबात चालत नाही, आणि इथेच सगळा गोंधळ होतो.

आणि हा गोंधळ नुसता पैशाचा नाही हं. एखादा प्लग मिस मारायला लागला की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमधे जाऊन तिथे पेट घेतं, कन्व्हर्टर ९०० डिग्रीच्या वर जाऊ शकतो. आपल्याकडे शिमग्यानंतर सड्यावरचं गवत वाळून कसं होतं ते तुम्हाला माहितीच आहे, एक ठिणगी पडली की वणवा कलमांच्या बागेपर्यंत येतो. तशा गवतावर खालून लाल झालेली गाडी उभी केली तर काय होईल? ते होऊ नये म्हणून तो दिवा असतो. म्हणून चुकीचा रिले देऊन दिवा कायमचा गप्प करणं मला पटत नाही, गिऱ्हाइकाने कितीही पैसे देऊ केले तरी.

आता घेणारा कोण? आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ च्या एप्रिलपासून आणि तोही आधी फक्त चार महानगरांत, त्यामुळे एमएच-०७ किंवा एमएच-०८ च्या जुन्या गाडीवाल्याला हा पार्ट लागणारच नाही. गिऱ्हाईक आहे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात, जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसं. गावात खपतात ते डिझेल जीपांच्या हीटर प्लगचे (थंड इंजिन सुरू व्हायला आत ऊब देणारे प्लग) टायमर रिले, मामांच्या खोक्यात ते असतील तर आधी वेगळे काढा, त्यांचा हिशेब वेगळा.

देशी मोठी पोर्टलं सगळ्यांच्या तोंडावर असतात म्हणून तीच आधी घेतो. पिकअप दारात, पैसे ठरलेल्या दिवशी खात्यात, पार्सल हरवलं तर क्लेम करता येतो, हे सगळं खरं आहे आणि हीटर प्लगच्या रिलेसाठी मी आजही तिथेच विकतो. पण वॉर्निंग रिलेला तिथे कोणी पार्ट नंबर बघून घेत नाही, फोटो बघून घेतात. मी एका पोर्टलवर सहा विकले, चार परत आले. त्यातल्या एका खोक्यात माझा रिले नव्हताच, त्याच्या जागी गंजलेला, पिनांवर हिरवं धरलेला भलताच जुना रिले घालून पाठवलेला होता. तक्रार केली, माझ्याकडे पॅकिंगचा व्हिडिओ होता पण परत आलेलं पार्सल उघडतानाचा नव्हता, क्लेम गेला. तेव्हापासून दोन्ही वेळी व्हिडिओ काढतो, एकच सलग, कट न करता, लेबल दिसेल असा.

जीएसटीचं विचाराल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून पोर्टलवर फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्या छोट्या माणसाला, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर, नोंदणीची सक्ती नाही. पण पहिलं पार्सल बेळगावला किंवा पणजीला पाठवायचं म्हटलं की नोंदणी लागलीच, आणि आपल्याला तर गोवा इथून तासा-दीड तासावर. रिलेचा एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ८५३६, दर १८ टक्के. नोंदणी असेल तर पोर्टल अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातूनच आधी घेतलेला कर, कापतं, तो नंतर कॅश लेजरमधे (जीएसटीच्या साइटवरचं आपलं खातं) मिळतो, घाबरायचं कारण नाही.

ई-बेचं देशी दुकान २०१८ च्या ऑगस्टमधे बंद झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं आता तिथे आपलं काही नाही. तसं नाही, इथून परदेशात विकता येतं आणि या मालाला खरं गिऱ्हाईक तिथेच आहे. माणूस आधी मेसेज टाकतो, माझ्या गाडीचं साल हे, जुन्या रिलेवर हा नंबर आहे, पिनांची बाजू दाखवा. निस्सानच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, बऱ्याच रिलेंना २५२३० असतो, आणि पुढचे पाच बहुतेक मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा नुसते पहिले पाच जुळले म्हणून हो म्हणायचं नाही. मी नंबराचा फोटो, पिनांचा फोटो आणि खोक्याच्या लेबलचा फोटो असे तीन टाकतो. तसं करायला लागल्यापासून परत आलेला माल बोटावर मोजण्याइतका.

कटकट आहे ती कागदांची. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढायला लागतो, डीजीएफटीच्या (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं) साइटवर ५०० रुपये फी, घरबसल्या होतो. जीएसटी नोंदणी लागते आणि दर वर्षी एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, भरायची म्हणजे आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) न भरता माल पाठवता येतो. पोस्टाची डाक घर निर्यात केंद्रं झाल्यापासून कस्टमचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, मुंबईला खेप मारावी लागत नाही, आमच्यासारख्या जिल्ह्याच्या कोपऱ्यातल्या माणसाला हे मोठं काम झालं. पण अमेरिकेचा भरवसा आता आधीसारखा नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिकडे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटी माफी गेली, त्या आठवड्यात पोस्टाने तिकडची पार्सलंच थांबवली आणि ऑक्टोबरच्या मध्याला परत सुरू केली, तेवढा काळ माझ्या अकरा ऑर्डरी अडकल्या, सगळ्यांना हात जोडून पैसे परत केले. म्हणून लिस्टिंग ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडसाठीही उघडी ठेवा. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतल्या मालावरचा १० टक्के कर ई-बेच गिऱ्हाइकाकडून घेतो, तुम्हाला काही करायला लागत नाही.

लिस्टिंगमधे 'लाइट बंद करायचा उपाय', 'बायपास' असले शब्द चुकूनही नको. अमेरिकेत एक्झॉस्टची यंत्रणा निकामी करणारा पार्ट विकणं बेकायदा आहे, २०२३ मधे तिकडच्या सरकारने खुद्द ई-बेवर अशाच पार्टांवरून दावा लावला होता. 'अमुक नंबरच्या जागी बसणारा रिले' एवढंच लिहायचं.

वॉट्सॲप आणि फेसबुकच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सरळ विकणं सगळ्यात सोपं, कमिशन शून्य, पैसे यूपीआयने आधी. पण गिऱ्हाईक एखादंच, महिना महिना कोणी विचारत नाही, आणि अनोळखी माणसाला भरवसा बसायला वेळ लागतो. मी इथे वॉर्निंग रिले फार तर वर्षाला पाच-सहा दिले असतील, तेही पुण्या-मुंबईत इंपोर्टेड जुनी गाडी घेऊन बसलेल्यांना. मात्र फोनवर गाडीचं सगळं विचारून देता येतं, त्यामुळे एकही परत आलेला नाही.

कुठेही विका, आपल्या हवेचा विचार करा. खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने, पॅकबंद असला तरी पिनांवर काळपट थर धरतोच. पाठवायच्या आधी मी प्रत्येक रिले बॅटरी आणि बल्ब लावून तपासतो, सेन्सरच्या पिनेला त्या मॉडेलच्या सर्किटप्रमाणे सिग्नल देऊन दिवा लागतो का आणि सिग्नल काढल्यावर विझतो का ते बघतो, मग सिलिका जेलची पुडी घालून झिपवाल्या पिशवीत. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरातला भिजलेला माल अजून बाजारात फिरतो, स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, वरून पुसलेला असतो पण आत सर्किटवर चिखलाची रेघ दिसते.

तर त्या पोराला मी सांगितलं ते असं. खोक्यात चाळीस-पन्नासच्या वर वॉर्निंग रिले असतील आणि कागदपत्रं करायची तयारी असेल तर ई-बे, दुसरा विचार नको. दहा-पंधराच असतील तर आयईसी, एलयूटीच्या मागे लागू नको, ग्रुपवर फोटो टाक आणि थांब, नाहीतर आधीपासून परदेशात विकणाऱ्या कोणाला तरी ठोक दे. हीटर प्लगचे सगळे देशी पोर्टलवर. त्याने संध्याकाळी खोके मोजून फोटो पाठवले, त्रेसष्ट निघाले, त्यातल्या नऊंच्या पिना काळ्या पडल्यात, ते त्याने बाजूला ठेवलेत.