१६२, १६५, १७२: नोकरी सांभाळून फायरमन व्हायचंय, तर सोलापुरात कुठल्या रांगेत उभं राहायचं?

माझ्या ई-सेवा केंद्रात झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या भिंतीवर उंची मोजायची टेप चिकटवलेली आहे. तिच्यावर तीन रेघा आहेत. १६२ वर निळी, १६५ वर लाल, १७२ वर हिरवी. पोरगा आला की आधी चपला काढून भिंतीला टाच लावायला सांगतो, फॉर्मचं नंतर बघू.

पूर्व भागात दुकान आहे, त्यामुळे येणारे बहुतेक यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेले. "मामा, पार्टटाइम फायरमनचा फॉर्म निघालाय म्हणे. कामावरून सुटल्यावर जायचं." मध्ये एक जण अग्निवीरचे कागद घेऊन आला होता, अग्निशामक समजून! दोन्हीकडे अग्नी आहे एवढंच. ती लष्करातली चार वर्षांची भरती.

ज्याला पोरं पार्टटाइम म्हणतात तो प्रकार ब्रिटनमध्ये खरोखर आहे. तिथं दुकानदार, सुतार, मास्तर असली माणसं कमरेला पेजर लावून आपापलं काम करतात आणि आगीचा कॉल आला की अग्निशमन केंद्राकडे पळतात. म्हणून राहायला किंवा कामाला केंद्राच्या जवळ असावं लागतं, साधारण पाच मिनिटांत पोचता येईल इतकं. निवडीत त्यांना सवलत नाही: उंच शिडी चढायची, अंधाऱ्या अरुंद जागेतून सरपटत जायचं, ५५ किलोचा पुतळा ३० मीटर ओढायचा. मोबाइलवर हे बघून पोरं माझ्याकडे येतात. आपल्याकडे अशी वेगळी भरती निघत नाही. जवळपास जाणाऱ्या वाटा आहेत, पण प्रत्येकीचं दार वेगळ्या वयाला बंद होतं. निवड करताना लोक पगार आधी विचारतात. मी जन्मतारीख आधी विचारतो.

निळी रेघ: होमगार्ड

खऱ्या अर्थाने नोकरी सांभाळून करता येईल अशी ही एकच वर्दी. वय २० ते ५०, शिक्षण दहावी. पुरुषांना उंची १६२ सेंमी, छाती न फुगवता ७६ आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त. महिलांना उंची १५० सेंमी. मैदानात पुरुषांना १६०० मीटर धावणं आणि ७.२६० किलोचा गोळा, महिलांना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. आयटीआय, एनसीसी, जड वाहनाचा परवाना असलं काही असेल तर त्याचे गुण वेगळे.

गोळ्याकडे पोरं दुर्लक्ष करतात. पळायची सवय सगळ्यांना असते, पहाटे मैदानावर चार फेऱ्या मारतात. गोळा मात्र थेट भरतीच्या दिवशी हातात घेतात. सव्वासात किलोचं लोखंड तळहातावर टेकवलं तर मनगट मुरगळतं. तो बोटांच्या मुळाशी धरून मानेला लावायचा असतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कागदांत दोन ठिकाणी अडकतं. तुम्ही ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहता तिथलेच उमेदवार धरले जातात, त्यामुळे आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या. दुसरं, खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते द्यायला मालक का कूं करतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही. बंदोबस्त नेमका सणासुदीला, निवडणुकीला, आषाढीला पंढरपुरात, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत लागतो, आणि तेव्हाच त्यांनाही माणूस हवा असतो.

भत्ता बंदोबस्ताच्या दिवसाचाच. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५७० वरून १०८३ रुपये झाला. आकडा चांगला आहे, पण तो महिन्याचा पगार धरून मोटारसायकलचा हप्ता बांधू नका. मी स्वतः आठ वर्षं होमगार्डमध्ये काढली आहेत म्हणून सांगतो.

आणि आगीचं काय? प्रशिक्षणात अग्निशमन, प्रथमोपचार, बचाव हे विषय असतात. प्रत्यक्षात होम मैदानावर शोभेच्या दारूकामाच्या रात्री मी दोरीच्या या बाजूला काठी घेऊन गर्दी मागे सारत होतो, बंब दोरीच्या त्या बाजूला उभा होता. आठ वर्षांत होजपाइप हातात आला तो फक्त सरावाच्या दिवशी. समाजात मिसळायचं आहे, शिस्त आवडते, वर्दीचा मान हवा आहे, तर होमगार्डसारखं काही नाही. आग विझवायचीच खाज असेल, तर इथं ती भागणार नाही.

लाल रेघ: सहा महिन्यांचा कोर्स

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. तिथला अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा. प्रवेशाला दहावी ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ४५), वय १८ ते २३, उंची १६५ सेंमी, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६. होमगार्डची छाती आणि इथली छाती यांत पाच सेंमीचा फरक आहे. रोज माग चालवणाऱ्या पोराच्या खांद्यात बळ असतं, पण छाती ७८-७९ वर अडते. दोन-तीन महिने दोर चढणं आणि दंड-बैठका केल्या की बऱ्याच जणांची भरून येते. उंचीला मात्र इलाज नाही. काठावर असाल तर एक करा: माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, तेव्हा मोजणीच्या दिवशी मागच्या रांगेत ताटकळत बसू नका.

अडचण उघड आहे. सहा महिने काम सोडावं लागतं. म्हणजे पुढे-मागे पार्टटाइम काम मिळावं म्हणून आधी फुलटाइम शिकायचं. घरात तू एकटाच कमावता असशील तर हा हिशेब आईसमोर बसून कर, माझ्यासमोर नको.

इथं एक ठेच लागते, ती आमच्याच घरात लागली. भाच्याने एका खासगी संस्थेत ३५ हजार भरून ‘फायर अँड सेफ्टी’चा डिप्लोमा केला. प्रमाणपत्र झकास, सोनेरी किनारीचं. भरतीच्या कागदपत्र पडताळणीला ते बाजूला ठेवलं गेलं, कारण जाहिरातीत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागितला होता. खासगी डिप्लोमा सगळाच वाया जातो असं नाही, कारखान्यातल्या सेफ्टीच्या नोकरीला चालून जातो. पण पैसे भरण्याआधी एखाद्या महापालिकेची जुनी जाहिरात काढून पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचा.

कोर्स झाला की दोन फाटे फुटतात. पहिला कारखाने आणि रुग्णालयं. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. टॉवेलचा कारखाना म्हणजे सूत, रोवा (सुताची लव), गठ्ठे; ठिणगीला काही कमी नाही. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे आगरोधक यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, त्यामुळे मोठ्या जागांना हायड्रंटचा (आगीसाठीच्या पाण्याच्या नळाचा) पंप रोज चालवून बघणारा आणि रजिस्टर लिहिणारा माणूस लागतो. निवड म्हणजे दहा मिनिटांची मुलाखत. पाळी बहुधा बारा तासांची, ठेकेदारामार्फत. रजेवर गेलेल्याच्या जागी बदली म्हणून आठवड्यात दोन दिवस जाणारे कोर्सवाले मला माहीत आहेत. पार्टटाइम फायरमन म्हणायचं तर यांनाच. पहिल्या दिवशी पीएफ आणि ईएसआयचा नंबर मागा. ठेकेदार हसला तर दुसरा ठेकेदार बघा.

हिरवी रेघ: महापालिका

दुसरा फाटा कायम नोकरीचा, तिथं पार्टटाइमचा प्रश्नच मिटला. उंचीची अट पालिकेगणिक बदलते. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई महापालिकेने ९१० अग्निशामकांची भरती केली तेव्हा पुरुषांना १७२ आणि महिलांना १६२ सेंमी मागितली होती. शिवाय बारावी, ८०० मीटर धावणं, १९ फुटांवरून खाली धरलेल्या जाळीत उडी, ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणं. उडीला पोरं घाबरत नाहीत, विचार करतात, आणि त्या विचारातच वेळ जातो. दुकानातले दहातले दोन-तीनच हिरव्या रेघेला डोकं लावतात. बाकीच्यांनी लहान शहरांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

आपदा मित्र हा प्रकार वेगळा. १८ ते ४० वय, बारा दिवसांचं प्रशिक्षण, पूर, आग, शोध-बचाव सगळं थोडं थोडं. ही नोकरी नव्हे, पण वर्षातले बारा दिवस काढता येत असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात नाव विचारून या. नागरी संरक्षण दलाचं म्हणाल, तर ७ मे २०२५ च्या देशव्यापी मॉक ड्रिलसाठी राज्यातली १६ ठिकाणं निवडली होती, त्यांत सोलापूर नव्हतं, तेव्हा इथं त्या वाटेवर भिस्त ठेवू नका.

मग कुणी काय करावं

तेविशी ओलांडली नसेल आणि लाल रेघ गाठली असेल, तर होमगार्डचा फॉर्म बाजूला ठेवा आणि कोर्सच्या मागे लागा. होमगार्ड पन्नाशीपर्यंत कुठं पळून जात नाही. मी उलटं करणारे फार बघितले: विसाव्या वर्षी होमगार्ड झाले, वर्दीत रमले, आणि कोर्सची आठवण झाली तेव्हा पंचवीस उलटली होती.

तेविशी गेली असेल, लग्न झालं असेल, मालक समजूतदार असेल, तर होमगार्ड. मालक समजूतदार नसेल तर आपदा मित्र, तिथं त्याची चिठ्ठी लागत नाही. १६० सेंमीचे असाल तरी तेच.

परवा आलेला पोरगा बावीस वर्षं आठ महिन्यांचा होता, १६६ सेंमी. मी म्हटलं, चार महिने आहेत तुझ्याकडे, आज दहावीचं मार्कलिस्ट आण. तो म्हणाला, "मामा, मार्कलिस्ट गावाकडं हाय, दिवाळीला आणतो." मी त्याला तिथंच फोन लावायला लावला. आजीने उचलला. मार्कलिस्ट तांदळाच्या डब्याखाली होतं, संध्याकाळच्या एसटीने येतंय.