सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून?

महाराष्ट्राने 2017 मध्ये थेट निवड आणली, 2020 मध्ये मोडली, 2022 मध्ये पुन्हा आणली. त्यामुळे कोणती पद्धत बरी, हा प्रश्न पारावर अजून रंगतो.

खर्च दोन्हीकडे होतोच, फक्त खिसे बदलतात. सदस्यांतून निवड असली की निकालानंतर सदस्य सहलीला ‘गायब’ होतात आणि मतदानाच्या दिवशीच गाडीतून उतरतात. थेट निवडीत हा बाजार बंद होतो, पण अख्खं गाव पिंजून काढावं लागतं.

खरी गोची कारभारात. थेट सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की मासिक सभेत ठराव अडतात. नळाच्या पाइपलाइनचा विषय महिनोन्‌महिने ‘पुढील सभेत’ जातो. सदस्यांतून आलेल्या सरपंचाकडे सुरुवातीला तरी बहुमत असतं.

हटवणं? थेट सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य हवेत, वर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब. स्थैर्य म्हणून हे उत्तमच, पण माणूस चुकीचा निघाला तर पाच वर्षं भोगा.

जिथं दोन-तीन घराणी सदस्य खिशात ठेवतात, तिथं थेट निवड बरी. लहान, फारशी गटबाजी नसलेल्या गावाला सदस्यांतून निवडलेला सरपंच चालेल.