कारखान्यात येऊन फ्लूची लस: काम चोख, बिलाची मात्र बोंब

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. लेथ, सीएनसी, दहा-पंधरा पोरं. ऑफिस, पगार, हजेरी माझ्याकडं. पावसाळ्यात एकाला ताप आला की बघता बघता निम्मी पोरं आडवी होतात आणि डिस्पॅच बोंबलतो. म्हणून यंदा मे महिन्यात राजारामपुरीतल्या एका दवाखान्याची जागेवर येऊन लस द्यायची सेवा घेतली. खाली तक्रारही लिहिली आहे, त्यामुळं नाव देत नाही.

आधी चांगलं. सिस्टरनी डबा उघडला तेव्हा मी मुद्दाम वाकून बघितलं. बर्फाच्या पट्ट्या फडक्यात गुंडाळलेल्या, इंजेक्शनं त्यांना न लागता वेगळ्या खोक्यात, आत छोटा थर्मामीटर आणि त्यावर चार अंश. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि गोठली की बाद होते. "नुसतं गार असून चालत नाही वहिनी," सिस्टर म्हणाल्या. खोक्यावर यंदाचं साल आणि 'दक्षिण गोलार्ध' असं छापलेलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा फॉर्म्युला सुचवते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. आपल्याकडं मोठी लाट पावसाळ्यात येते, तेव्हा दक्षिणेची लस पावसाआधी घेतलेली बरी. अंगात जोर धरायला तिला दोनेक आठवडे लागतात.

मी विचारलं, तीन प्रकारच्या फ्लू विषाणूंवरची लस घ्यायची की चार? डॉक्टर म्हणाले, चौथ्यासाठी जादा पैसे घालवू नका. तो बी-यामागाता नावाचा प्रकार मार्च 2020 नंतर कुठं खात्रीनं सापडलेलाच नाही. महाग माल गळ्यात मारायची संधी होती, त्यांनी ती सोडली. हेही स्पष्ट सांगितलं की लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळली तरी आजारपणाचा धोका साधारण 40 ते 60 टक्केच कमी होतो. मात्र झालाच तर दवाखान्यात ॲडमिट व्हायची वेळ कमी येते.

पोरांचा प्रश्न वेगळाच. "सुई टोचून उलट ताप आला तर खाडा कोण भरून देणार?" डॉक्टर हसले. यात मेलेला विषाणू असतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद-दुसरा दिवस कसकस वाटेल. एका पोराला आधीच ताप होता, त्याला परत पाठवलं. बाकीच्यांना टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं.

मला पैसे वसूल वाटले ते मात्र लशीनंतर. डॉक्टर शॉपमधनं एक फेरी मारून आले. माठावर सगळ्यांत मिळून एकच पेला. सीएनसीच्या एसी केबिनची खिडकी कायम बंद. हात पुसायचं कॉटन वेस्ट, त्यालाच नाक. आणि मग मला विचारलं, "तापातल्या माणसाचा खाडा कापता का?" कापत होतो. "मग तो गोळी खाऊन येणारच, आणि येताना सगळ्यांना घेऊन पडणार." लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून माणूस फ्लू पसरवतो, पुढं पाच-सात दिवस. आता नियम असा: गोळीशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच कामावर यायचं, तोवर पगारी रजा. मालक, म्हणजे आमचे हे, थोडे कुरकुरले. ऑगस्टात दोघं आजारी पडले, पण लाईन थांबली नाही.

त्याच सुमारास घरी सासूबाईंना ताप आला. वय सत्तरीचं, त्यात शुगर. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अँटिबायोटिकची स्ट्रिप काढून बसलेला. विषाणूवर तिचा काडीचा उपयोग नाही. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं, तपासून ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लिहून दिलं, कारण ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तरच खरा फायदा. धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा बरळायला लागल्या तर घरी थांबू नका, थेट सीपीआर, म्हणजे इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठा, असंही बजावलं.

आता तक्रारी. ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आले, नेमके जेवणाच्या सुट्टीत. फोनवर सांगितलेल्या दरात येण्या-जाण्याचा खर्च नव्हता, तो नंतर लावला. पक्कं बिल मिळवायला मला चारदा मागं लागावं लागलं. अकाउंटंट माझ्याच नावानं शंख करत होता. आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे, माझ्या सहा वर्षांच्या पोराला त्यांच्याकडंच लस दिली होती. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. आठवण करतो म्हणाले, केली नाही. मीच फोन केला तर, "हो की, राहिलंच!"

पुढच्या मे महिन्यात परत यांनाच बोलवणार आहे, पण दर आणि बिलाचं व्हॉट्सॲपवर लिहून घेऊन. पाच-सहाच माणसं असतील तर ते जागेवर येत नाहीत. दवाखान्यात जायचं असेल तर दुपारी जा, संध्याकाळी बाकड्यावर खोकणाऱ्यांच्या शेजारी बसावं लागतं.