ओरखडा पडलाय: मेण भरावं की पॉलिश मारावं?

दादरच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल सनमायकाचं आहे आणि शोकेस व्हिनिअरचं. ओरखडे दोघांवरही आहेत, इलाज मात्र वेगळा.

सनमायका म्हणजे राळेत मुरवलेले कागदाचे थर, जाडी साधारण 1 मिमी. लाकडाची नक्षी वरच्या कागदावर छापलेली असते. म्हणून त्यावर पॉलिश पेपर अजिबात घासू नका, चमक आणि नक्षी दोन्ही जातात. इथे ओरखडे भरायची रंगीत मेणाची कांडीच बरी. एकच रंग सहसा जुळत नाही. मी फिकट आणि गडद अशा दोन कांड्या बोटांनी मळून घेते, ओरखड्यावर आडव्या दाबून भरते आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचं जास्तीचं काढते. गरम पातेलं थेट ठेवलंत तर मेण मऊ होऊन निघतं, मग पुन्हा भरा.

व्हिनिअर हे खरं लाकूड, पण प्लायवर चिकटवलेला पातळ थर, बऱ्याचदा जेमतेम अर्धा मिमी. आधी नख फिरवून पाहा. अडकलं नाही, तर ओरखडा बहुधा पॉलिशपुरताच आहे. 320 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने अगदी हलका फिरवा आणि पॉलिशचे पातळ हात द्या. नख अडकत असेल तर इथेही आधी मेणच. घासत बसलात तर खालचा प्लाय दिसेल.

आणि पॉलिश जुलैत नकोच. मुंबईच्या दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. आमच्या शोकेसच्या डाव्या दारावर ती अजून आहे. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आवराआवरीत ते काम काढा. मेण भर पावसातही चालतं.