बिझनेस ग्रुपचे नऊ महिने आणि कच्चे रेफरल

नाशिकच्या इंदिरानगरला माझं छतावर सोलर बसवायचं काम आहे. गेल्या दिवाळीनंतर एका बिझनेस नेटवर्किंग ग्रुपची वर्षाची मेंबरशिप घेतली. नाव लिहीत नाही. असे बरेच ग्रुप एकाच साच्यातले असतात: आठवड्यातून एकदा सकाळी सातला मीटिंग, एका धंद्याचा एकच मेंबर, ओळख करून द्यायला मिनिटभर, शेवटी रेफरलच्या स्लिपा, म्हणजे एकमेकांना संभाव्य गिऱ्हाइकांची नावं-नंबर लिहून द्यायचे. नाश्ता चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार स्लिपांची. पहिल्याच महिन्यात पाथर्डी फाट्याच्या एका गृहस्थांचा नंबर मिळाला. फोन केला तर पहिला प्रश्न, "माझा नंबर कुणी दिला?" नाव सांगितलं. "हां, तो होय! त्याने लाइट बिल किती येतं विचारलं, मी बाराशे म्हटलं." बस्स, एवढंच. सोलरचा विषयसुद्धा निघाला नव्हता. नंतर कॉलेज रोडचा फ्लॅट आला. माणूस भाडेकरू निघाला. मग निफाडचे एक काका, त्यांना शेतात पंप हवा होता. तो 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला. तिथे सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे आणि पंप महावितरणच्या यादीतल्या पुरवठादाराकडून घ्यायचा. मी त्या यादीत नाही. काकांना अर्ज कुठे करायचा ते सांगितलं, चहा घेतला, परत आलो. पेट्रोल माझं.

आणि या तिघांबद्दल मी मीटिंगमध्ये उभा राहून आभार मानले! नवा होतो, कुणाला कशाला दुखवायचं. पण झालं उलटंच. देणाऱ्याला वाटलं काम जमतंय, त्याने तसलेच आणखी तीन नंबर दिले. म्हणजे निम्मा दोष माझाच.

मग एकदा चिडून सगळ्यांसमोर म्हणालो, "रेफरल जरा विचारून देत चला." हे करू नका. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, तरी दोन जणांना ते आपल्यालाच लागलं, आणि पुढचे दोन आठवडे माझ्या नावाची एकही स्लिप आली नाही.

आता पद्धत बदलली आहे. ज्याने नंबर दिला त्याला त्याच संध्याकाळी फोन करतो आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. चूक काढत नाही. "दादा, ते भाड्याने राहतात, छत त्यांचं नाही. त्यांच्या घरमालकाशी ओळख आहे का?" असं विचारलं की समोरच्याला राग येत नाही, उलट कधीकधी खरंच मालकाचा नंबर येतो.

वन-टू-वनमध्ये, म्हणजे एकेका मेंबरला वेगळं भेटतो तेव्हा, प्रत्येकाला चार प्रश्न पाठ करून टाकले. छत स्वतःचं आहे का? वीजबिल कुणाच्या नावावर? महिन्याला युनिट किती? आणि माझा फोन येणार हे त्यांना माहीत आहे का? बिलावरच्या नावाचं मेंबरांना नवल वाटतं, पण पीएम सूर्य घर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेतल्या सबसिडीचा अर्ज त्याच ग्राहक क्रमांकावर होतो. एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000, तीन किंवा जास्तीला 78,000 रुपये; तेही फक्त घरगुती कनेक्शनला. त्यामुळे "माझ्या मित्राच्या दुकानाला सबसिडी बसवून दे" असला रेफरल तिथेच संपतो. युनिट यासाठी की एक किलोवॅट महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट देतो, त्यावरून किती मोठी सिस्टीम लागेल ते फोनवरच कळतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर बाकीचे तीन विचारूच नयेत. तो नुसता नंबर असतो, रेफरल नाही.

मिनिटभराचं भाषणही बदललं. आधी म्हणायचो, "कुणालाही सोलर हवं असेल तर सांगा." त्या 'कुणालाही'मुळेच निफाडचे काका आले असणार. आता म्हणतो, "गंगापूर रोड किंवा इंदिरानगरचा बंगला, बिल मालकाच्या नावावर, तीन हजारांच्या वर."

सगळ्यात झोंबलं ते सीए साहेबांचं बोलणं. वन-टू-वनमध्ये शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाठवलेल्या दोघांपैकी एकाला जीएसटीची शंका फुकटात विचारायची होती. दुसऱ्याने फोनच उचलला नाही." कुणी किती स्लिपा दिल्या त्याच्या शीटवर त्या आठवड्यात माझ्या नावापुढे शून्य दिसत होतं म्हणून मी त्या स्लिपा भरल्या होत्या. या मॉडेलची खरी खोट इथे आहे: स्लिपा मोजल्या की माणूस स्लिपा भरतो. हल्ली शून्य असेल तर शून्यच राहू देतो. कोऑर्डिनेटरचं तोंड वाकडं होतं, होऊ दे.

एक मेंबर अजूनही नंबर टेकवतो. त्याला काही फरक पडणार नाही, हे मी मान्य केलं आहे. एक फोन करतो, निकाल व्हॉट्सअॅपवर कळवतो, आभाराची स्लिप मात्र देत नाही.

रेफरल आता निम्म्याने कमी येतात, साइट व्हिजिट वाढल्या. सगळ्यात चांगले रेफरल ग्रुपमधला प्लंबर देतो. टाकी बसवायला गच्चीवर गेला की तो मोकळी जागा बघून घेतो, मालकाशी बोलतो आणि बिलाचा फोटो मला पाठवतो. त्याच्यामुळे गंगापूर रोडच्या बंगल्यावर पाच किलोवॅटचं काम झालं. पहिल्याच फोनला काकू म्हणाल्या, "हो, सांगितलंय त्याने. कधी येताय?"

पाचपैकी तीन स्टार. तीन महिन्यांनी रिन्यूअल आहे, फी भरणार आहे. प्लंबरदादा दुसऱ्या ग्रुपला गेले तर मात्र मीही त्यांच्या मागे जाईन.