वेळेवर सुटलेली गाडी की थांबलेली गाडी?

परतवाड्याहून धारणीकडे सेमाडोहमार्गे निघालं की मेळघाटाचा घाट लागतो. अशा रस्त्यावर सुटलेली एसटी धावत गाठता येत नाही. म्हणून फलाटावर हा वाद कायमचा: घड्याळ पाहून डबल बेल द्यावी, की पाच मिनिटं वाट पाहावी?

घड्याळाची बाजू आधी. गाडी उशिरा निघाली की पुढच्या फाट्यावर उन्हात उभ्या माणसांना त्याचा भुर्दंड. मे महिन्यातल्या विदर्भात दहा मिनिटं म्हणजे काय, ते छत नसलेल्या थांब्यावर उभं राहून पाहावं. शिवाय एकासाठी थांबलं की दुसरा हात दाखवतोच.

थांबण्याची बाजू मला मात्र एकाच गाडीसाठी पटते: मुक्कामी. संध्याकाळी गावी जाऊन रात्रभर तिथंच राहणारी, सकाळी परतणारी. ती गेली की काळी-पिवळी जीपही मिळेल याची खात्री नाही. एकदा माझ्यासमोर एक आजी औषधाची पिशवी छातीशी धरून फलाटावर आली, तेव्हा गाडीचा लाल दिवा वळणावर दिसत होता. कंडक्टरनं आजींना तिकीट खिडकीशी पाहिलं होतं. तरी बेल दिली. (वर "आजी, उद्या या" असं कुणीतरी म्हणालं. उद्या!)

दिवसाच्या फेऱ्या मिनिटावर सोडा. मुक्कामीला वाहतूक नियंत्रकानं भोंग्यावर दोनदा पुकारा करावा, फलाटावर नजर टाकावी, मगच सोडावी. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.