ड्युअल बूटसाठी ग्रब, सिस्टमडी-बूट की रीफाइंड?

विंडोजशेजारी लिनक्स टाकलं की इन्स्टॉलर बहुतेकदा न विचारताच ग्रब हा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा प्रोग्राम, बसवून मोकळा होतो. सिस्टमडी-बूट आणि रीफाइंड हे त्याचे पर्याय. ग्रब बदलण्याआधी मशीनचं फर्मवेअर (चालू होताना सर्वांत आधी धावणारा, मशीनमध्येच बसवलेला प्रोग्राम) यूईएफआय आहे की जुनं बायोस, ते बघा. बायोस असेल तर या तिघांपैकी फक्त ग्रबच चालतो, पुढचं वाचायची गरज नाही.

यूईएफआयवर प्रश्न असतो तो विंडोज कोण शोधतं आणि कधी. ग्रबचा मेन्यू आधीच लिहून ठेवलेला असतो. त्यासाठी इतर सिस्टिमचा शोध ओएस-प्रोबर हा छोटा प्रोग्राम घेतो, आणि 2021 मध्ये आलेल्या 2.06 आवृत्तीपासून मूळ ग्रबमध्ये तो बंद असतो. त्यामुळे मेन्यूत विंडोज दिसत नाही आणि पार्टिशनच उडालं असं वाटून धाबं दणाणतं. बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसतं. सेटिंगच्या फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर'समोर 'फॉल्स' लिहायचं आणि मेन्यू पुन्हा तयार करायचा. उबुंटू-डेबियनवर त्यासाठी 'अपडेट-ग्रब' ही एकच कमांड पुरते.

रीफाइंड दर बूटला डिस्क नव्याने चाळतो. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की मेन्यूत आपोआप दिसतो, विंडोजही. दोन-तीन लिनक्स आलटूनपालटून वापरणाऱ्याला मी हाच सुचवेन.

सिस्टमडी-बूट मला तिघांत सर्वांत स्वच्छ वाटतो. सेटिंग चार ओळींचं, मेन्यू साधा, आणि तो ज्या ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइल्स ठेवायचा डिस्कचा छोटा भाग) बसतो, त्यावरचं विंडोज तो स्वतःहून दाखवतो. विंडोज दुसऱ्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर असेल तर मात्र नाही. खरी अडचण जागेची आहे. कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलला बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्सचा गठ्ठा) फर्मवेअरला वाचता येईल अशा पार्टिशनवर, म्हणजे सहसा ईएफआय पार्टिशनवरच, ठेवावे लागतात. विंडोजने बनवलेलं हे पार्टिशन अनेकदा 100 एमबीचंच असतं. तिथे एक कर्नल कसाबसा मावतो, पुढच्या अपडेटला जागा संपते. पार्टिशन आधीच मोठं केलेलं नसेल तर या वाटेला जाऊ नका.

सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेलेच लोडर चालू देणारं यूईएफआयचं संरक्षण) चालू ठेवायचं असेल तर पारडं ग्रबकडे झुकतं. उबुंटू-फेडोराचा ग्रब शिम या सही केलेल्या छोट्या लोडरमार्फत सुरू होतो. बाकी दोघांसाठी बहुतेक ठिकाणी स्वतःची सहीची की फर्मवेअरमध्ये किंवा शिमकडे नोंदवायची खटपट करावी लागते. पहिल्यांदाच ड्युअल बूट करत असाल तर ग्रबच राहू द्या.

बदलायचाच असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा, कारण बूटचा मार्ग बदलला की विंडोज ती मागू शकतं. आणि नव्या लोडरमधून दोन्ही सिस्टिम सुरू झालेल्या दिसेपर्यंत जुना काढू नका.